स्टेअरिंगचा पहारा

मांडवगण फराटा येथील अखंड हरिनाम सप्ताहाच्या समितीने पौष महिन्याच्या बैठकीत एक ठराव सर्वानुमते मंजूर केला. सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला येणाऱ्या महाराजांना आणण्याचा मान यापुढे 'वाहनाचा दर्जा पाहून' देण्यात यावा, असा तो ठराव. सर्वानुमते म्हणजे, आनंदराव चहा सांगायला बाहेर गेले असताना. गेली अकरा वर्षं हा मान आनंदरावांच्या जीपकडे होता. जीपचा एक दरवाजा सुतळीने बांधलेला असे आणि महाराजांना मागून चढावं लागे. पण अकरा वर्षांत कीर्तन एकदाही दहाच्या ठोक्याला चुकलं नव्हतं. ही बाब इतिवृत्तात नोंदवण्याची आवश्यकता चिटणीस या नात्याने मला वाटली नाही.

ठराव मांडला होता अध्यक्ष हौसरावांनी. त्यामागे निव्वळ हौस नव्हती. त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षं सप्ताहात विणेचा पहारा केला. सप्ताह बसला की वीणा खाली टेकवायची नसते. एकाने गळ्यातून काढायची आणि दुसऱ्याने पायाला हात लावून गळ्यात घ्यायची. चाळीस वर्षं हे केलं, पण महाराजांना आणण्याचा मान काही त्यांना मिळाला नाही, कारण दारात बैलगाडीखेरीज वाहन नव्हतं. ते जाताना म्हणाले होते, "हौशा, एकदा तरी महाराज आपल्या गाडीतनं उतरू दे." हौसराव तेव्हापासून गाडी शोधत होते.

शिरूरच्या शोरूममध्ये मोनाली नावाच्या मुलीने त्यांना दोन गाड्या दाखवल्या. रंग तोच, चाकं तेवढीच. एकीची किंमत मात्र तीन लाख वीस हजारांनी जास्त.

"ही टॉप मॉडेल आहे सर. हिच्यात अ‍ॅडास आहे."

"म्हंजी काय?"

"म्हणजे गाडी आपली आपण पट्ट्याच्या आत चालते, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवते, काही आडवं आलं तर स्वतः ब्रेक लावते."

"आन् मी काय करायचं?"

"तुम्ही लक्ष ठेवायचं सर. हात स्टेअरिंगवर आणि नजर रस्त्यावर."

"ते तर मी आत्ताबी करतो. फुकाट."

सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी साखरबाईंनी पदर सावरला. "म्हंजी गाडी चालणार आन् ह्यांनी तिच्यावर ध्यान ठिवायचं. रांगत्या लेकरागत. त्याचं तीन लाख वीस हजार. त्यापरीस घरातलं लेकरू सांभाळलं तर गावजेवण घालीन मी."

मोनालीने प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे स्मित केलं. "सर, परवा तुमच्याच गावचे आनंदराव साहेब चौकशी करून गेले."

हौसरावांनी त्याच खुर्चीत सही केली. सोबत पायपुसणी, गणपतीची छोटी मूर्ती आणि सीटच्या पट्ट्याचं एक सुटं बक्कल मोफत मिळालं. ते बक्कल खाचेत अडकवलं की पट्टा न लावताही गाडी ओरडत नाही. सुरक्षेसाठी तीन लाख वीस हजार घेऊन ती बंद करायचं साधन शोरूम फुकट देते, हा व्यवहार आम्हाला फार उदार वाटला.

गाडी गावात आली. समितीने लगेच पुरवणी ठराव केला: महाराजांना त्यांच्या राहू गावाहून आणताना अध्यक्षांनी स्टेअरिंगला हात लावू नये. हात लावायचा तर आनंदराव काय वाईट होते?

चाचणीत पहिली अडचण कळली. गाडीला रस्त्याच्या कडेला निदान एक पांढरा पट्टा दिसावा लागतो. आमच्या रस्त्याला कडाच दिसत नाहीत. समितीने संबंधित खात्याला अर्ज केला. उत्तर आठ दिवसांत आलं, यावरूनच आम्ही घाबरायला हवं होतं. 'सदर रस्त्यावरील पट्टे यापूर्वीच मारण्यात आलेले असून कागदोपत्री सुस्थितीत आहेत. वाहनास ते दिसत नसल्यास वाहनाचे डोळे तपासून घ्यावेत.'

तेव्हा शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायचा चुन्याच्या फक्कीचा गाडा आणला आणि आदल्या दिवशी राहूपासून गावापर्यंत पंचवीस किलोमीटर पांढरी रेघ ओढायचं काम रोहनकडे दिलं. रोहन कबड्डीतला पट्टीचा रेघ मारणारा. खड्डा आला की तो वळसा घालून रेघ काढी. खड्ड्यात फक्की वाया घालवायची नाही, हा त्याचा नियम.

दुसरी अडचण स्टेअरिंगची. हात काढला की पंधरा सेकंदांत गाडी वाजू लागते आणि पडद्यावर हाताचं चित्र येतं. हौसरावांचा मुलगा सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे, कारेगावात राहतो. त्याने गाडीसोबत आलेलं चारशे पानांचं पुस्तक वाचून सांगितलं, "पप्पा, सिस्टिमला फक्त ग्रिप पाहिजे. हात तुमचाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं न्हाई."

हे ऐकून समितीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. सात दिवस, चोवीस तास, एक क्षणही खाली न ठेवता वीणा सांभाळणाऱ्या गावाला एक स्टेअरिंग जड आहे का? लगोलग पहाऱ्याची यादी लागली. दर किलोमीटरला एक पहारेकरी. त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, गाडी आली की आधीच्याच्या पायाला हात लावायचा आणि खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरून सोबत चालायचं. हौसरावांनी चालकाच्या जागेवर हात जोडून बसायचं. एकूण पहारेकरी पंचवीस, राखीव चार. विनाचालक गाडीसाठी एकोणतीस माणसं लागली. जीपला एक लागत असे.

काल्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला महाराज गाडीत बसले, मागच्या सीटवर मी आणि सत्यजीत. महाराज आदल्या रात्रीपासून उपाशी, कारण काल्याआधी ते काही घेत नाहीत.

"पट्टा लावायचा का?" त्यांनी विचारलं.

"काय गरज न्हाई महाराज, बक्कल हाय," हौसराव म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

गाडी निघाली. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला नवलच वाटलं. रोहनच्या रेघेमागे गाडी प्रत्येक खड्डा चुकवत अशी वळणं घेत गेली की महाराजसुद्धा म्हणाले, "वा." पहारेकरी शेजारून चालतोय, तोंडात नामस्मरण. हौसरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा असते तर," एवढंच म्हणाले.

पिंपळाच्या वळणावर सायकलवरून येणारा एक म्हातारा खाली उतरला. गाडीमागे राखीव चौघं हळूहळू चाललेत, एकाचा हात गाडीला, खांदेबदल केल्यासारखी माणसं बदलतायत, तोंडाने नामघोष. त्याने टोपी काढली, हात जोडले आणि काच ठोठावून विचारलं, "कोण गेलं वो?"

"अजून कुणी न्हाई," महाराज म्हणाले. "पण उशीर हुतोय."

पुढे उसाची ट्रॉली लागली. कारखाने सुरू होते. दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ट्रॅक्टरवर ढणाढणा गाणी. आमच्या गाडीने शास्त्रानुसार चाळीस फूट अंतर सोडलं. त्या अंतरात एक मोटारसायकल शिरली. गाडीने मोटारसायकलपासून चाळीस फूट सोडलं. त्यात टेम्पो शिरला. मग शाळेची बस. दर वेळी गाडी मागे सरत होती. जरा वेळ गेला असता तर परत राहूला पोहोचली असती. नऊ वाजता शेजारून आनंदरावांची जीप गेली. जीपमध्ये मृदंगवादक, लाह्यांची पोती आणि दह्याचं पातेलं. आनंदरावांनी वेग कमी करून विचारलं, "महाराज, येताय का? मागनं चढावं लागंल."

हौसराव समोर बघत म्हणाले, "आनंदराव, मान कुणाचा हाय तेवढं ध्यानात ठिवा."

"मान तुमचाच हाय की. मी नुसता येळेचं म्हणत हुतो."

ट्रॉली कारखान्याकडे वळली आणि गाडी मोकळी झाली. इथे कुणाला तरी हायसं वाटलं असतं. पण भीमेच्या पुलाअलीकडे गाडीने डावीकडचा दिवा लावला, मोठ्या अदबीने रस्ता सोडला आणि थेट चहाच्या टपरीत शिरली. बाकड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. आदल्या दिवशी रोहन इथे चहाला थांबला होता आणि गाड्याचं तोंड बंद करायला विसरला होता. रेघ बाकड्यापर्यंत होती, मोरीपर्यंत जाऊन परत आली होती.

टपरीवाल्या गिताबाईंनी गाडीकडे पाहिलं, हौसरावांकडे पाहिलं. "किती चहा?"

"एकबी न्हाई."

"मंग आत कशापायी घातली?"

"मी न्हाई घातली. तीच आली."

"बया. आन् तुम्ही काय करत हुता?"

हौसरावांनी जोडलेले हात खाली घेतले.

दहा वाजून गेले होते. मांडवात पाच हजार माणसं सकाळपासून बसलेली. बाराच्या आत हंडी फुटायला हवी, नाहीतर सप्ताहाची सांगता चुकते, अशी गावाची धारणा आहे. गावाजवळ पोहोचायला अकरा वाजले. समोरून टाळकरी, मृदंग, कलशवाल्या बायका महाराजांना सामोऱ्या आल्या. रीत अशी, की स्वागताची दिंडी थांबते, गाडी पुढे येते, मग दिंडी पुढे चालते. माणसं दिसताच गाडीने ब्रेक लावला. 'अडथळा,' पडद्यावर आलं. दिंडी गाडी यायची वाट बघत उभी. गाडी दिंडी हटायची वाट बघत उभी. महाराजांकडे पाठ फिरवायची नाही म्हणून बायका वळेनात, आणि पुढ्यातून माणूस हटल्याशिवाय गाडी हलेना. दोन्ही बाजू आपापल्या नियमाने बरोबर होत्या. वीस मिनिटं.

"सत्यजीत, आता काय?" हौसरावांनी मागे वळून विचारलं.

"पप्पा, सगळं बंद करून तुम्हीच चालवा."

"हात लावायचा न्हाई असा ठराव हाय." हौसरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिटणीस. ठराव रद्द करायला बैठक लागते आणि बैठकीला सात दिवसांची सूचना.

दार उघडल्याचा आवाज झाला. महाराज उतरून चालू लागले. दिंडी त्यांच्यामागे गेली. महाराजांची सीट रिकामी झाली, रस्ताही मोकळा झाला, आणि मग ती आपली आपण, अगदी मधोमध, डौलात मंडपापर्यंत आली.

साडेअकराला कीर्तन उभं राहिलं. महाराजांनी अभंग बाजूला ठेवला आणि हौसरावांना पुढे बसवून घेतलं. "ह्यांच्या आबांनी चाळीस वर्षं वीणा खाली ठेवली नाही," ते म्हणाले. "आज ह्यांची गाडी दर पंधरा सेकंदांनी ह्यांना तेच सांगत होती: हात काढू नकोस. मंडळी, देवानं तुम्हाला-मला पण टॉप मॉडेलच दिलंय. आत एक जण बसवलाय. माप मारताना वाजतो. भावाचा बांध कोरताना वाजतो. खोटी सही करताना तर लई वाजतो. आणि आपण काय केलं? बक्कल लावलं."

टाळ थांबले. मांडवात बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आनंदराव रडले, हौसराव रडले, मीही रडलो. इतकं रडलो की लिहायचा कागद भिजला. बाराला पाच कमी असताना हंडी फुटली. ज्याच्या गाडीतून महाराज उतरले तो मान कुणाचा, यावर इतिवृत्तात मी 'महाराज स्वतः आले' असं लिहिलं.

प्रसाद घेऊन हात धुतले, न धुतले, तोच चाळीसेक माणसं गाडीभोवती जमली. प्रत्येकाचा एकच प्रश्न: "सत्यजीत, त्यो आवाज बंद कसा करायचा?" सत्यजीतने दाखवलं. पडद्यावर तीन ठिकाणी बोट. वा, वा झालं.

तेव्हापासून हौसराव गाडी दोन्ही हातांनी चालवतात, सगळं बंद ठेवून. साखरबाईंनी एकदा विचारलंच, "मंग तीन लाख वीस हजार कशाचं?"

"बंद ठिवायचं," हौसराव म्हणाले. "ज्याच्याकडं न्हाईच, त्यो बंद काय ठिवणार?"

हे आनंदरावांना पटलं. त्यांनी तेच मॉडेल बुक केलंय. समितीनेही ठरावात दुरुस्ती केली: पुढील वर्षी मानाच्या गाडीत सर्व सुरक्षा सुविधा असणे बंधनकारक, आणि त्या बंद असणेही.

आता तुम्ही म्हणाल, मांडवगणची माणसं. म्हणा. परवा मीही शिरूरला गेलो होतो, आमच्या साध्या गाडीसाठी एक बक्कल आणायला. दुकानदार म्हणाला, सगळ्यात जास्त खप त्याचाच. एक द्या म्हणालो, तर त्याने आपुलकीने विचारलं, "एकच? घरची मंडळी बसत नाहीत का गाडीत?"

मी चार घेतली. तुम्ही किती घेतली होती?