गवा, झेब्रा आणि न आलेलं ताक

एका जंगलात, पोरांनो, फुटबॉल शिरला. कसा शिरला ते विचारू नका. रोग कसा शिरतो ते कुणी विचारत नाही. नीट बसा आणि ऐका.

जंगलाच्या कडेला नदी होती. नदीत एक डोह होता. उन्हाळ्यात नदी आटे, डोह आटत नसे. अलीकडचं जंगल म्हणे डोह आमचा. पलीकडचं जंगल म्हणे आमचा. आधी यावर शिंगं मोडत, रक्त सांडे. मग कुणा शहाण्याने सुचवलं, फुटबॉलचा सामना खेळा. जिंकेल त्याचा डोह, पुढचा एक उन्हाळा. हरेल त्याने विचारून पाणी प्यायचं.

सगळ्यांना पटलं. शिंगं मोडण्यापेक्षा हे बरं.

अलीकडच्या संघाचा मॅनेजर होता एक म्हातारा गवा. सगळे त्याला आबा म्हणत. आबांनी आयुष्यात चेंडूला खूर लावला नव्हता. पण अंग मोठं होतं आणि आवाज त्याहून मोठा. मॅनेजर व्हायला आणखी काय लागतं?

संघात भेकरं होती, माकडं होती, एक साळिंदर होतं. साळिंदराने आठवड्यात चार चेंडू फोडले. तेव्हा जंगलाचे अध्यक्ष कोल्हेसाहेब म्हणाले, "आपल्यातलं कुणी कामाचं नाही. बाहेरून आणा."

बाहेरून दोघं आली. पुढे खेळायला झेब्रा. गोल राखायला कांगारूबाई, पोटाच्या पिशवीत बाळ घेऊन.

दोघं समुद्रापलीकडची. त्यांना इथली बोली येईना. आबांना इथल्या बोलीशिवाय दुसरी येत नव्हती. शिकायची इच्छाही नव्हती. समोरच्याला कळलं नाही म्हणजे ऐकू आलं नाही, असा आबांचा समज होता. मग ते तेच पुन्हा बोलत, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा बोलले की झाडावरची पिकली पानं पडत.

पानं पडली, पण झेब्रा हलला नाही. म्हणून दुभाषी आणली.

ती साळुंकी होती. तिला साळूबाई म्हणत. ती बंदरावर वाढलेली. जहाजांच्या डोलकाठीवर बसून बसून तिला सात बोल्या येऊ लागल्या होत्या. हुशार होती. पण तिच्यात एक खोड होती. अंड्यातून बाहेर आली तेव्हाच तिच्या आईने तिला बजावलं होतं, "पाहुण्याला उणं बोलायचं नाही. मग जीव गेला तरी चालेल."

तुम्हालाही हेच शिकवलं असेल. ऐका आता पुढे काय होतं ते.

पहिल्या दिवशी झेब्राने चेंडू घेतला आणि एकटाच सुसाट पळाला. आबा खवळले.

"अरे, हे पट्टे ओढलेलं गाढव एकटंच पळतंय! बाकीचे काय वरातीला आलेत? सांग त्याला, चेंडू दुसऱ्याला दे म्हणावं!"

साळूबाईने झेब्राकडे बघितलं. पाहुणा घामाघूम होऊन समोर उभा होता. ती त्याला म्हणाली, "आबा म्हणतात, काय सुरेख पळता! थकला असाल. सावलीत टेका जरा. ताक पाठवतो."

झेब्रा खुलला. म्हणाला, "भला दिसतो म्हातारा. पण सारखा हंबरतो का? पोटात दुखतं का त्याच्या?"

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"म्हणतोय, आबांचा आवाज ऐकला की अंगात बळ येतं."

"येणारच," आबा म्हणाले. आणि दिवसभर हंबरत राहिले.

ताक काही आलं नाही. पण बोलणं गोड असलं की पाहुणा ताक विसरतो. दुसऱ्या दिवशी झेब्रा आणखी जोरात पळाला. एकटाच.

कांगारूबाईची तीच गत. ती गोल सोडून पुढे यायची आणि टुणकन उडी मारून चेंडू अडवायची. आबा ओरडायचे, "पोटाला पिशवी बांधून बाजाराला आलीस काय गं? गोलात उभी राहा! पाऊल पुढे टाकू नकोस!"

साळूबाई सांगायची, "आबा विचारतात, पिशवीतलं बाळ बरं आहे ना? इथलं ऊन त्याला बाधत नाही ना?"

कांगारूबाईचे डोळे भरून यायचे. परक्या मुलखात बाळाची रोज चौकशी करणारं दुसरं कोण होतं तिला? ती आणखी उंच उडायची.

संघ जिंकू लागला. डोंगरावरच्या संघाला हरवलं. माळावरच्या संघाला हरवलं. झेब्रा पळायचा, कांगारूबाई उडायची, बाकीचे बघायचे.

कोल्हेसाहेबांनी आबांचा सत्कार केला. शाल घातली. ती शिंगात अडकून फाटली, तरी टाळ्या झाल्या. आबांनी भाषण केलं. "लोक विचारतात, आबा, कसं जमवता? अरे, खेळाडूशी बोलावं लागतं. मी बोलतो. त्याला कळतं. संपलं."

साळूबाई मागच्या फांदीवर बसली होती. ती चोचीने पंख साफ करू लागली.

पोरांनो, सगळं बरं चाललं होतं. बरं चाललेलं टिकत नाही. साळूबाईने तीन अंडी घातली. आणि चारच दिवसांवर डोहाचा सामना आला.

आबा घरट्याखाली येऊन उभे राहिले. "चल."

"कशी येऊ, आबा? अंडी गार पडतील."

"मग सामना काय तुझ्या अंड्यांसाठी थांबणार?"

"दुभाष्याशिवाय खेळा की. तुम्ही हंबरा, ते पळतील. मध्ये कुणी नको. कुणालाही आणू नका, आबा. एवढं ऐका माझं."

"मुठीएवढी नाहीस आणि मला शिकवतेस?" असं म्हणून आबा निघून गेले.

कोल्हेसाहेबांनी नवा दुभाष्या शोधला. करकोचा. दर वर्षी परदेशी जाऊन येणारा. उंच, गंभीर, एका पायावर उभा. म्हणाला, "मी एक शब्द गाळत नाही. एक शब्द घालत नाही."

"मला असाच हवा होता," आबा म्हणाले.

सामन्याच्या सकाळी आबांनी संघ गोळा केला. दोन्ही जंगलं काठावर जमली होती. समोर डोह चमकत होता. आबांनी झेब्राकडे शिंग रोखलं.

"पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतोय, तू पट्टे ओढलेलं गाढव आहेस. एकटा पळू नकोस. चेंडू दुसऱ्याला दे."

करकोच्याने जसंच्या तसं सांगितलं. हंबरण्यासकट.

झेब्राचे कान उभे राहिले. "पहिल्या दिवसापासून? आणि ते ताक?"

करकोच्याने आबांना विचारलं. आबा म्हणाले, "कसलं ताक?"

"आबा विचारतात, कसलं ताक," करकोचा म्हणाला.

मग आबा कांगारूबाईकडे वळले आणि रोजचंच बोलले. पिशवी, बाजार, गोलात उभी राहा, पाऊल टाकू नकोस. करकोच्याने सगळं पोचवलं. कांगारूबाईने पिशवीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्यांना विचारा, रोज माझ्या बाळाची चौकशी करत होते. आज का नाही केली?"

करकोच्याने विचारलं.

"कुठलं बाळ?" आबा म्हणाले.

"आबा विचारतात, कुठलं बाळ."

पोरांनो, भांडण झालं नाही. कुणी लाथ मारली नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मान हलवली आणि मैदानात गेली.

आणि त्या दिवशी पहिल्यांदा आबांच्या संघाने आबांचं ऐकलं.

झेब्राला चेंडू मिळाला. तो पळाला नाही. चेंडू त्याने शेजारच्या भेकराला दिला. भेकराने आजवर चेंडू लांबूनच बघितला होता. पायाजवळ आलेला बघून ते दचकलं आणि झाडीत पळालं. पलीकडच्या रेड्याने चेंडू उचलला आणि आबांच्या गोलाकडे टोलवला.

चेंडू घरंगळत आला. गोलापासून दोन पावलांवर मंदावला. कांगारूबाई उभी होती. तिने पाऊल टाकलं नाही. चेंडू सावकाश तिच्या शेजारून आत गेला.

"अगं, पुढे ये की!" आबा किंचाळले.

"आबा म्हणतात, पुढे या," करकोचा म्हणाला.

"सकाळी म्हणाले पाऊल टाकू नकोस. यातलं खरं कुठलं, ते विचारा."

करकोचा आबांकडे आला. सगळं नीट सांगितलं. आबांनी उत्तर दिलं. करकोचा उत्तर घेऊन परत गेला. लांब पाय असले तरी तो धावत नसे. तेवढ्यात दुसरा गोल झाला.

"त्या गाढवाला सांग, पळ!"

"पळ म्हणतात. गाढवही म्हणतात."

"एकटा पळू का? तेवढं लिहून आणा त्यांच्याकडून," झेब्रा म्हणाला.

पाच गोल झाले. डोह गेला.

चौकशी बसली. कोल्हेसाहेबांनी करकोच्याला उभं केलं. तो आधीच उभा होता, एका पायावर. म्हणाला, "माझा एक शब्द चुकला असेल तर दाखवा."

कुणाला दाखवता येईना. म्हणून त्याला काढलं.

आबांना काढायचं कसं? शाल घातलेली. शेवटी आबांना दुसरी शाल घातली आणि भाषेचे सल्लागार केलं.

वैशाख आला. नदी आटली. सगळं जंगल पाणी मागायला डोहावर निघालं. पलीकडच्यांची बोली निराळी, त्यामुळे साळूबाईला बरोबर घेतलं. तिची पिल्लं एव्हाना उडाली होती. झेब्रा होता. कांगारूबाई होती. पिशवीतलं बाळ जीभ बाहेर काढून पडलं होतं.

डोहावर एक रानडुक्कर पहाऱ्याला होतं. ते यांना बघून गुरगुरलं, "आले का भिकारी? पाणी घाण करायला आले! लांब उभे राहा उन्हात. आमचं पिऊन झालं, म्हशी लोळून झाल्या, की उरेल ते चाटा."

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

साळूबाईने मागे बघितलं. सगळ्यांची तोंडं कोरडी होती. आबांनी खरं ऐकलं असतं तर शिंगं उगारली असती. मग उरेल तेही मिळालं नसतं.

"म्हणतात, या, या, घर आपलंच समजा. आधी आम्ही पिऊन पाण्याची चव बघतो. मग तुम्ही सावकाश प्या. घाई करू नका."

आबांनी मान ताठ केली. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? हरलो तरी मान आहे आपल्याला."

आणि मानाने उन्हात उभे राहिले. दिवस कलेपर्यंत.

झेब्रा साळूबाईजवळ सरकला. हळू आवाजात म्हणाला, "मला खरं सांग. काय म्हणाला तो?"

साळूबाईने पिशवीतल्या बाळाकडे बघितलं. मग झेब्राकडे.

"ताक देणार होते," ती म्हणाली. "पण संपलं म्हणतात."

झेब्रा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग आबांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिला.

तात्पर्य : दुभाष्या नेहमी खरं बोलणाराच ठेवावा. फक्त त्याआधी घरात पाणी भरून घ्यावं.