गजाभाऊंचं तबकड्या धुण्याचं मशीन

मुलांनो, हात धुऊन बसा. वस्तूंवर हातांचे डाग पडलेले मोठ्यांना चालत नाहीत.

एका जंगलात एक संगीत मंडळ होतं. मंडळात गाणारं कुणीच नव्हतं. अध्यक्ष होते गजाभाऊ हत्ती आणि चिटणीस होते कासवकाका. जंगलातल्या जुन्या गायकांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या मंडळाच्या गुहेत ठेवलेल्या असत. गुहेत ओल होती. तबकड्यांवर बुरशी चढली होती.

त्याच जंगलात चैताली नावाची तरुण कोकिळा राहायची. ती कावळिणीच्या घरट्यात वाढली होती. कावळिणीने माया भरपूर केली, पण गाणं शिकवलं तेही आपलंच. चैतालीने तोंड उघडलं की "काव" यायचं. वसंतातली पहिली तान कोकिळेने घ्यायची, अशी जंगलाची रीत. यंदा तिची पाळी होती.

तिची खरी आई तिने पाहिलीच नव्हती. आईची एक तबकडी मात्र गुहेत होती. ती एकदा ऐकायची, एवढंच तिचं मागणं होतं.

"ऐकू की," गजाभाऊ म्हणाले. "आधी मशीन येऊ दे."

व्यापारी कोल्ह्याने तीन मशीनं आणली. एक ब्रशने चोळायचं. एक मळकं पाणी शोषून घ्यायचं. एक पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचं.

"शोषणारं घ्या," चैताली म्हणाली. "गाणं तबकडीच्या खाचांत असतं. तिथला मळ पाण्याबरोबर निघून जाईल."

"पोरी, तू अंड्यात होतीस तेव्हापासून मी या मंडळावर आहे," गजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी एकेक मशीन सोंडेने उचलून पाहिलं. तिसरं उचलताना ते कण्हले.

"हेच! जड आहे. टिकेल."

मशीनला हार घातला. नारळ फोडला. वरचा प्लास्टिकचा कागद कुणी काढला नाही.

चैताली आईची तबकडी घेऊन धावत आली.

"थांब!" कासवकाका ओरडले. "ही मशीनमध्ये घालणार? अगं, बुरशी आहे हिच्यावर!"

"काका, बुरशी आहे म्हणून तर मशीन."

"नव्या मशीनमध्ये घाण? आधी धुऊन आण."

"धुतलेली तबकडी पुन्हा कशाला धुवायची?"

"बघा, बघा! आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत 'कशाला' लागतं. मुळात तुम्हाला घासायची सवयच नाही. इकडे दे!"

"काका, नको! निदान मऊ कापडाने पुसा!"

काकांनी चुलीतली राख घेतली. मघाच्या नारळाची शेंडी घेतली. आमच्या आईची पितळेची भांडी अशीच लख्ख निघायची, असं म्हणत त्यांनी तबकडी दोन्ही बाजूंनी खसाखसा घासली. चैताली ती ओढायला गेली, तर गजाभाऊंनी तिला सोंडेने अलगद बाजूला केलं. प्रेमानेच केलं.

मग तबकडी मशीनमध्ये गेली. बुडबुडे आले. टाळ्या पडल्या. बाहेर आली तेव्हा तिच्यात तोंड दिसत होतं. मशीनमधलं पाणीही निवळशंख होतं. काकांनी ते सगळ्यांना फिरवून दाखवलं.

सुई ठेवली. सुई तबकडीवरून घसरत थेट मधोमध जाऊन थांबली. धरायला एक खाच उरली नव्हती.

गजाभाऊंनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

"वा! एकसुद्धा खरखर नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. चैतालीला रडू फुटलं. रडतानाही तिच्या तोंडून "काव" एवढंच निघालं.

कासवकाका गजाभाऊंना हळूच म्हणाले, "आईचं काही म्हणजे काही उचललं नाही हो पोरीने."

तात्पर्य : मशीन नीट जपलं तर पिढ्यान् पिढ्या टिकतं. त्यात घालायला काय उरलं, ते पुढच्या पिढीने बघावं.