तुलनेसाठी काका

पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर दोन वह्या, दोन पेन्सिली, लॅटिनचं एक पुस्तक, इंग्रजीचं एक, लॅटिनमधून आलेल्या शंभर इंग्रजी शब्दांची यादी आणि एक घड्याळ होतं. समोर दोन विद्यार्थी. दोघांची वयं मिळून एकशे आठ.

एकोणपन्नासची ती आत्या. रुग्णालयाच्या औषधभांडारात सव्वीस वर्षं मदतनीस. भांडारप्रमुख व्हायचं तर पन्नाशीच्या आत इंग्रजीची लेखी परीक्षा पास व्हायला हवी. दोनदा ती नापास झाली होती. आता शेवटची संधी आणि हातात साठ दिवस.

एकोणसाठचे ते तिचे यजमान, काका. नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना कसलीच परीक्षा नव्हती. भाचीनं त्यांना तुलनेसाठी बसवलं होतं.

भाची विज्ञानाची पदवी घेऊन प्रयोगशाळेत लागली होती आणि आत्याकडेच राहत होती. आधी लॅटिन शिकलं की इंग्रजी सोपं जातं, असं तिच्या कानावर आलं होतं. पण ऐकीव गोष्टीवर मान डोलावणं तिच्या रक्तात नव्हतं. म्हणून एकानं महिनाभर लॅटिन शिकून मग इंग्रजीकडे वळायचं, दुसऱ्यानं पहिल्यापासून इंग्रजीच. दर रविवारी दोघांची चाचणी. तिनं नाणं उडवलं. लॅटिन आत्याच्या वाट्याला आलं.

आत्यानं ते पुस्तक दोन बोटांनी उचललं. "माझं वय सरत चाललंय आणि तू मला मेलेली भाषा शिकवतेस?"

"नाण्याचा कौल आहे, आत्या."

अट कडक होती. एकमेकांच्या पुस्तकाला हात लावायचा नाही, अभ्यासाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दोघांनी ती इतकी मनावर घेतली की चुकून काही निसटायला नको म्हणून मीठसुद्धा भाचीमार्फत मागू लागली.

चौथ्या रविवारी आकडे वेड्यासारखे वागले. लॅटिनचं अक्षरही न शिकलेले काका त्या यादीत एकतीसवरून अडुसष्टवर गेले. आणि जिचं इंग्रजी अजून सुरूच व्हायचं होतं त्या आत्यानं रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला, एकही चूक न करता. भाचीनं तीन संध्याकाळी डोकं खाजवलं आणि शेवटी वहीत निष्कर्ष लिहिला: लॅटिन न शिकल्यानंही लॅटिनचा फायदा होतो.

त्याच शुक्रवारी प्रयोगशाळेतली वीज गेली आणि ती दुपारीच घरी परतली. न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. त्या आवाजातूनही काकांचा गंभीर स्वर ऐकू येत होता. पाढे म्हणावेत तशी ते लॅटिन नामांची रूपं म्हणत होते. दार ठोठावल्यावर काका बाहेर आले. डोक्यावरचा एक केस ओला नाही आणि टॉवेलात पुस्तक.

"तिला औषध आणि मला नुसतं पाणी," काका म्हणाले. "मी काय कुंडीतलं रोप आहे?"

आत्याला त्या दिवशी साप्ताहिक सुटी होती. पलंगावर बसूनच तिनं यजमानांची हजेरी घेतली. पोरीचा विश्वास काढला, पिकलेले केस काढले, निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसानं चोऱ्या कराव्यात याबद्दल खेद व्यक्त केला. एवढं सगळं बोलताना ती जागची हलली मात्र नाही.

"आत्या, जरा ऊठ."

"गुडघा धरलाय."

"ऊठ ना."

आत्या उठली. खाली इंग्रजीचं पुस्तक होतं. पहिल्या पानापासून सत्तेचाळीसाव्या पानापर्यंत तिच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या.

भाचीनं चार आठवड्यांचे तक्ते दोघांपुढे पसरले. आता यातला एकही आकडा कुणाला दाखवायच्या लायकीचा उरला नाही, असं ती म्हणाली. काकांनी टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"तुझा प्रयोग पुन्हा होईल गं," आत्या हळूच म्हणाली. "माझी परीक्षा नाही व्हायची."

भाचीनं तक्ते गोळा करून खणात टाकले.

उरलेले तेहतीस दिवस दोन्ही पुस्तकं टेबलावर उघडी राहिली. काका प्रश्न विचारत, आत्या चुकली की तिच्याहून जास्त चिडत, आणि मग बरोबर कोण यावरून भांडण भाजी करपेपर्यंत चाले. परीक्षेच्या दिवशी ते केंद्राबाहेर तीन तास उभे होते.

निकालाबरोबर तपासलेली उत्तरपत्रिका मिळाली. आत्या आणि भाची लाल पेन्सिल घेऊन बसल्या. कोणतं उत्तर कुठून सुचलं, ते आत्या आठवून, खरंखरं सांगत गेली. भाचीनं नोंद केली.

उत्तीर्ण होण्यास आवश्यक गुण पन्नास. मिळालेले एकावन्न. काकांशी भांडताना पक्के झालेले नऊ. लॅटिनमुळे मिळालेले चार. लॅटिनमुळे गेलेले चार.