सर पॉवर सप्लाय आणायला जातात

संगणक दुपारी दीडला बंद पडला आणि दोनच्या आत सरांच्या बायकोने जाहीर केलं, की नाटकाचा तिसरा अंक आत अडकला आहे.

बाईंनी आयुष्यात लिहिलेलं हे पहिलंच नाटक. एक ढग पत्ता विचारायला गावात उतरतो, अशी गोष्ट. इमारतीतली अकरा मुलं महिनाभर रोज संध्याकाळी पाचला तालमीला येत होती. पहिले दोन अंक त्यांना तोंडपाठ होते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ढग पोस्टाच्या कचेरीत शिरतो आणि आतल्या कागदांची ओल पिऊन इतका फुगतो, की त्याला दारातून बाहेर पडता येत नाही. पुढे काय, ते तिसऱ्या अंकात. तो अंक आज पाच वाजता मुलांच्या हातात पडायचा होता आणि प्रयोग रविवारी होता.

दुरुस्तीवाला आला, त्याने संगणकाच्या डब्याला कान लावला, दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "पॉवर सप्लाय गेलाय. बाकी ठणठणीत आहे."

"मग बसवा की दुसरा," सर म्हणाले.

"बसवला असता हो. पण तुमचा डबा अरुंद, जुन्या घडणीचा. त्यात मावणारा सप्लाय आता येत नाही. चौकातल्या दुकानात जुन्या मालावर निम्म्याने सूट आहे, तिथे एखादा सापडला तर बघा. मिळाला की मला फोन करा." एवढं बोलून तो पुढच्या आजारी यंत्राकडे निघून गेला.

सर चपला घालू लागले. बाई दारापर्यंत आल्या. "सावकाश जा. पळापळ करू नका."

"अगं, पाचला मुलं येतील!"

"येतील तेव्हा येतील," बाई म्हणाल्या. सरांना हे उत्तर जरा विचित्र वाटलं, पण विचार करायला वेळ नव्हता.

सरांनी अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. इमारतीतली मुलं बाईंना आजी म्हणत आणि त्यांना मात्र सरच म्हणत. शिकवण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. एक म्हणजे, उत्तर आपण सांगायचं नाही, समोरच्याकडून काढून घ्यायचं. दोन, "कळलं" या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. काय कळलं ते म्हणून दाखवायला लावायचं. आणि तीन, ज्या वस्तूबद्दल बोलायचं ती वस्तू वर्गात हातोहाती फिरवायची. भिंग असो, बेडकाचा सांगाडा असो, पहिल्या बाकावरून निघालेली वस्तू शेवटच्या बाकापर्यंत गेलीच पाहिजे.

दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता : 'जुना माल निम्म्या किमतीत. फक्त आज.' आत दहाबारा गिऱ्हाइकं टोपल्यांमध्ये हात घालून वायरींचे गुंते उपसत होती. दुकानदार एकटाच होता. त्याचे दोन्ही विक्रेते एकाच दिवशी आजारी पडले होते आणि हा योगायोग आहे, यावर त्याचा अजिबात विश्वास नव्हता.

सरांनी अडचण सांगितली. दुकानदार शिडीवर चढला, धूळ उडवत वरच्या फळीवरून एक लांबट खोकं काढलं आणि म्हणाला, "नशीबवान आहात काका. शेवटचा नग."

सरांनी खोकं छातीशी धरलं. अजून तीनही वाजले नव्हते. "करा बिल."

"पाच मिनिटं थांबा. बिलाचं यंत्र कागद गिळून बसलंय." दुकानदाराने यंत्राचं झाकण उघडलं आणि त्यात डोकं घातलं.

सर थांबले. शेजारी बेकरीवाला उभा होता. त्याच्या शर्टावर अजून मैदा होता आणि हातात हिरवी, बोटभर रुंदीची पट्टी होती. "काका, तुम्हाला यातलं कळतं का हो? भाच्याने सांगितलंय, आठचा रॅम आण. आठ काय? किलो?"

सर नुसतं "जीबी" म्हणून गप्प बसू शकले असते. दुसरा कोणीही बसला असता.

"तुमच्या बेकरीत पीठ कुठे ठेवता?" सरांनी विचारलं.

"कोठीत."

"आणि मळता कुठे? कोठीतच?"

"कोठीत कसं मळणार? टेबलावर."

"टेबल लहान असेल तर काय होईल?"

"काय होणार? एका वेळी थोडंच मळता येईल. सारखं कोठीकडे पळावं लागेल." बेकरीवाला थबकला. त्याने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "म्हणजे हे... टेबल?"

"आणि कोठी म्हणजे?"

"ती... ती हार्डडिस्क का काय म्हणतात ती?"

"शाब्बास! आता सगळं एकदा म्हणून दाखवा."

बेकरीवाल्याने म्हणून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की त्याने एकाऐवजी दोन पट्ट्या घेतल्या. पलीकडे वायरी उपसणारे दोघे जण जवळ सरकले. कोणी विचारलं, "मग मॉनिटर म्हणजे काय?" बेकरीवालाच छाती काढून म्हणाला, "दुकानाची काच! बरोबर ना, सर?" आपण शिक्षक आहोत हे सरांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

दहा मिनिटांत सरांभोवती अर्धगोल जमला. कोणी कुठे उभं राहायचं ते न सांगता ठरलं; बुटके पुढे, उंच मागे. बिलाच्या यंत्रातून दुकानदाराने डोकं वर काढून पाहिलं आणि पुन्हा आत घातलं. माल हलत होता.

"माझं यंत्र चालूच होत नाही," गळ्यात मापाची टेप अडकवलेली एक बाई म्हणाली. मागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. "सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यात आहेत. काल गेलं ते गेलंच. आज कोणाच्या कपड्याला कात्री लावायची सोय नाही."

"दिवा लागतो?"

"नाही."

"पंखा फिरल्याचा आवाज?"

"काही नाही."

"कोठीत माल आहे, टेबल जागेवर आहे, तरी बेकरी बंद. का बरं असेल?" सरांनी वर्गावर नजर फिरवली. "तुम्ही सांगू नका हो, त्यांना विचार करू द्या."

तोंड उघडलेल्या बेकरीवाल्याने ते मिटलं. टेलरबाईने टेप बोटाला गुंडाळत विचार केला. "भट्टीत विस्तव नाही," ती हळूच म्हणाली.

"उत्तम! संगणकातल्या विस्तवाला म्हणतात पॉवर सप्लाय." सरांना पुढचं पाऊल आपोआप सुचलं. त्यांनी खोकं उघडलं, आतली वस्तू बाहेर काढली आणि पहिल्या रांगेच्या हातात दिली. "हा असा दिसतो. नुसता बघू नका. वजन बघा, पंखा कुठे आहे तो शोधा आणि मागच्यांकडे द्या."

पॉवर सप्लाय निघाला. बेकरीवाल्याने तो विटेसारखा तोलून पाहिला, मागच्याने पंख्यात फुंकर मारली. शेवटी तो टेलरबाईकडे पोचला. तिने लगेच टेप लावली, स्वतःच्या यंत्राच्या आतली मोजमापं टिपून आणलेली वही पिशवीतून काढली आणि ती ओरडलीच, "अहो सर, हा तर तंतोतंत माझ्या मापाचा!"

"बघा!" सर वर्गाकडे वळून म्हणाले. "दुकानात यायच्या आधी यांनी माप घेतलं होतं. याला म्हणतात अभ्यास." आणि ते कीबोर्डकडे वळले, कारण एका आजोबांना त्यातली अक्षरं क्रमाने का नसतात हे जाणून घ्यायचं होतं, आणि ते समजावणं खरोखरच कठीण होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी टोपल्या रिकाम्या झाल्या. सर घाम पुसत गल्ल्याशी आले आणि हात पुढे करून म्हणाले, "हं, करा माझं बिल."

"कशाचं?"

सरांनी हाताकडे पाहिलं. हातात रिकामं खोकं होतं.

"त्या टेलरबाई घेऊन गेल्या की," दुकानदार म्हणाला. "तुम्हीच तर त्यांचं कौतुक केलंत. मला वाटलं, तुम्ही मन बदललं. काका, खरं सांगतो, पाच वर्षं हा माल माझ्या उरावर होता. बसा, पाणी घ्या."

"दुसरा नाही का एखादा?"

दुकानदाराचा चेहरा पडला. "आज दुकानात फक्त मी आणि ही शिडी उरलोय."

टेलरबाईचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. वाटेत सरांनी वाक्यं जुळवली. 'बाई, जरा गैरसमज झाला' असं सुरू करायचं, मग नाटक, मग अकरा मुलं. पण उंबऱ्यात पाय ठेवताच ती उठून पुढे आली. "सर! चालू झालं! शिवणयंत्राच्या स्क्रूड्रायव्हरने मीच बसवलं. चारच तर स्क्रू होते. एकूण एक माप जागेवर आहे." तिचे डोळे पाणावले होते.

सरांची सगळी वाक्यं विरघळली. "छान," ते म्हणाले. "फारच छान."

"पण तुम्ही स्वतः काय घ्यायला आला होतात?"

सर भिंतीवरच्या दोऱ्यांच्या रिळांकडे पाहू लागले. टेलरबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या काखेतल्या रिकाम्या खोक्याकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई! तुमचा होता हा? तरी मी म्हणते, नमुना म्हणून इतका नवा कसा!" तिने स्क्रूड्रायव्हर उचलला. "काढून देते लगेच."

"छे, छे! आमच्या इमारतीतल्या मुलांच्या नाटकाचा एक अंक यंत्रात अडकलाय, एवढंच. तुमची मापं—"

"मग मुलांचं नाटक?"

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग ती म्हणाली, "थांबा. मला विचार करू द्या." तिने टेप बोटाला गुंडाळली. "तुमची कोठी शाबूत आहे. विस्तव तेवढा नाही. माझ्याकडे विस्तव आहे. मग तुमची कोठी उचलून माझ्या बेकरीत का नाही आणायची?"

सर तिच्याकडे बघत राहिले. हे त्यांना स्वतःला सुचलंच नव्हतं. "शाब्बास!" म्हणत ते घराकडे वळले.

घरी पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते आणि अकराच्या अकरा मुलं जिन्यात हजर होती. सरांनी धापा टाकत बातमी सांगितली : सप्लाय गेला, पण अंक मिळणार!

बाईंचा चेहरा एकदम उतरला. "मिळणार? आजच?"

"अगं, आत्ताच!"

"इतकी घाई कशाला? डबा जड आहे. मुलांना कशाला उचलायला लावता? उद्या बघू."

"आजी, आम्ही उचलतो!" मुलं ओरडली आणि कोणी थांबवायच्या आत डबा जिन्यावरून उतरूही लागला. पुढे चार मुलं, मागे तीन, बाकीची "सांभाळून, सांभाळून" असं म्हणत भोवती. सगळ्यात मागे बाई चालत होत्या. एवढ्या हळू चालताना सरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

टेलरबाईने दोन वायरी इकडच्या तिकडे केल्या. पडदा उजळला. मुलं शिवणयंत्रांच्या मधून, कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून पडद्याभोवती दाटली. सरांनी फाइल उघडली, पहिला अंक खाली गेला, दुसरा गेला, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत आलं : अंक तिसरा.

त्याच्या खाली काहीच नव्हतं. सर खाली खाली जात राहिले. पांढरं, आणखी पांढरं.

"पुसलं गेलं!" सर हादरून म्हणाले. "टेलरबाई, काही तरी चुकलं आपलं—"

"काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. त्या रंगीत चिंध्यांच्या टोपलीकडे बघत होत्या. "मी लिहिलाच नाहीये."

टेलरबाईची कात्री कापडातच थांबली.

"तीन आठवडे झाले. त्या ढगाला मी पोस्टात कोंडलं खरं, पण बाहेर कसा काढू तेच सुचेना. रोज मुलं विचारायची, मी रोज उद्या म्हणायचे. आज यंत्र बंद पडलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, हे जातील, कोणाला तरी काही तरी शिकवत बसतील, रिकाम्या हाताने येतील आणि मला एक रात्र मिळेल." त्यांनी सरांकडे पाहिलं. "सगळं तसंच केलंत हो तुम्ही. फक्त शेवट बिघडवलात."

सरांना रागवावं की नाही, हे ठरवता येईना. तेवढ्यात गठ्ठ्यावर बसलेली सगळ्यात लहान मुलगी, जी नाटकात टपालपेटी होती, म्हणाली, "आजी, त्याला रडवायचं."

"कोणाला?"

"ढगाला. रडला की तो बारीक होईल ना. मग दाराखालच्या फटीतून जाईल."

"ए, पण त्याने पत्रं भिजतील!" पोस्टमन झालेला मुलगा म्हणाला. "ज्याने त्याने आपलं पत्र आधी छत्रीखाली धरायचं."

"रडवायचं कसं पण?"

"एक पत्र त्याच्यासाठीच आलेलं असतं. त्याच्या आईचं."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "थांबा, थांबा, एकेकाने बोला. पत्रात काय असतं?" आणि त्यांची बोटं कीबोर्डवर पळू लागली.

सर दोन पावलं पुढे आले. "मुलांनो, ढगातलं पाणी कमी होतं म्हणजे नक्की काय होतं, हे जर आपण आधी—"

"सर," टेलरबाई कात्री खाली ठेवत म्हणाली, "जरा गप्प बसा हो. आई काय लिहिते ते ऐकू द्या."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. बाकीच्या जागा भरल्या होत्या. ते मागे जाऊन अस्तराच्या कापडाच्या गठ्ठ्यावर टपालपेटीशेजारी बसले आणि तिला अगदी हळू आवाजात विचारलं, "काय लिहिते गं?"