हॅट निघत नाही, सर!

शेवटी वेंडेल टिबेट्सची हॅट निघाली. शनिवारी दुपारी, जत्रेतल्या गुरांच्या गोठ्यात, मोजकी माणसं आणि भरपूर गुरं यांच्या साक्षीने निघाली. हॅटबरोबर वेंडेलचाही काही भाग निघाला. पण ड्राय क्रीक गावात असं काहीही घडलेलं नाही. कोणालाही विचारून बघा. माणूस आभाळाकडे बघेल आणि म्हणेल, "यंदा मका बरा आहे." तेव्हा आपणही तसं काही घडलं नाही असंच धरून चालू आणि सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी वेंडेलचा बेत पक्का होता. दुपारी रोडिओ, म्हणजे उधळलेल्या घोड्याबैलांवर टिकून बसायच्या शर्यती. गॅलरीत लॉर्ना, लॉर्नाची आई, लॉर्नाचे वडील आणि शेजारी वेंडेल. बिनखोगिराच्या घोड्यांची फेरी संपली की लॉर्नाचे वडील, एमिल व्हावरा, वर्षात सगळ्यांत खुशीत असतात. म्हणजे त्यांच्या मिशीचं एक टोक हलतं. नेमकं तेव्हा त्यांच्याकडे वळायचं आणि लॉर्नाला मागणी घालायची. बस्स!

"यात चुकण्यासारखं आहेच काय?" वेंडेलने आरशाला विचारलं. आरशाने नेहमीप्रमाणे उत्तर टाळलं.

चुकण्यासारखं एकच होतं. वारा!

नेब्रास्कातल्या या भागात वाऱ्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. वारा थांबला तर मात्र लोक घराबाहेर येऊन बघतात की काय बिघडलं. दोन वर्षांपूर्वी ओमाहाहून एक दंतवैद्य लॉर्नाला मागणी घालायला आला होता. चांगला माणूस. दात तर फारच चांगले. पण गॅलरीत बसल्या बसल्या त्याची हॅट उडाली ती थेट रिंगणात. हॅटीमागे दंतवैद्य. रिंगणात तेव्हा पिंपांना वळसे घालत बायका घोड्या पळवत होत्या. घोड्या बिथरल्या, पिंपं गडगडली, दंतवैद्य एका पिंपात सापडला. एमिल व्हावरा हे सगळं शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "स्वतःची हॅट सांभाळता येत नाही, तो माझी पोरगी काय सांभाळणार?"

दंतवैद्य संध्याकाळच्या आत गावाबाहेर होता.

म्हणून वेंडेल सकाळीच गोठ्यात गेला. तिथे ड्वाइट पॉस्पिशिल होता. ड्वाइट हा वेंडेलचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे वेंडेलच्या आयुष्यातल्या बहुतेक अपघातांचा प्रत्यक्ष साक्षीदार. जत्रेत प्रदर्शनाला येणारे गोऱ्हे सजवणं हा त्याचा धंदा. आंघोळ घालायची, वारा मारून सुकवायचं, मशीनने केस कापायचे आणि पायांवरचे केस उलटे विंचरून त्यावर चिकट फवारा मारायचा. केस तसेच उभे राहतात आणि काटकुळे पाय देवळाच्या खांबांसारखे दिसायला लागतात. परीक्षकही फसतात. गोऱ्हाही स्वतःकडे आदराने बघू लागतो.

"हॅट उडायला नको, एवढंच ना?" ड्वाइट म्हणाला. "मारतो फवारा!"

"डोक्यावर?"

"मग काय पायावर मारू? अरे, गेल्या वर्षी गारपीट झाली. गोठ्याचं छप्पर गेलं, पण मी चिकटवलेली एक शेपटी हलली नाही!"

"निघते ना पण?"

"निघते की! वरून दुसरा फवारा मारायचा, लोण्यासारखी सुटते."

"तो कुठाय?"

"गाडीत असणार."

वेंडेलने त्या 'असणार'कडे जरा लक्ष द्यायला हवं होतं. पण तोवर ड्वाइटने त्याच्या केसांवर असा सढळ हाताने फवारा मारला की शेजारचा गोऱ्हा मत्सराने बघू लागला. वर हॅट दाबली, गुरं सुकवायच्या यंत्राने गरम वारा मारला आणि हॅटीवर टिचकी मारून ड्वाइट म्हणाला, "आता डोकं उडेल, हॅट नाही!"

दुपारी गॅलरीत वारा जोरात होता. पुढच्या रांगेतल्या दोन हॅटी गेल्या, एक शाल गेली, कोणाच्या तरी हातातला कापसासारखा गुलाबी साखरेचा गोळा काठी सोडून निघून गेला. वेंडेल हात मांडीवर ठेवून पुतळ्यासारखा बसला होता. हॅट जागची हलत नव्हती.

एमिल व्हावरांनी तिरक्या नजरेने पाहिलं. "पक्की बसलीय रे तुझी."

"माझी सगळीच कामं पक्की असतात, सर."

"हं."

मिशीचं एक टोक हललं! फेरी सुरू व्हायच्या आधीच! लॉर्नाने वेंडेलचा हात दाबला. तिची आई ब्लांश हिने कोलाचे, म्हणजे खसखशीच्या सारणाचा गोड पाव, त्याच्या हातावर ठेवला, तोही मधला, सगळ्यांत मऊ. वेंडेलला वाटलं, घोड्यांची तरी वाट कशाला बघायची? त्याने घसा साफ केला. "सर, मला तुम्हाला एक विचारायचं होतं..."

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला.

"मंडळी, कृपया उभे राहा, हॅटी काढा, राष्ट्रगीत सुरू होत आहे!"

आता वेंडेलला हे माहीत नव्हतं असं नाही. तो इथलाच. रांगायला लागल्यापासून प्रत्येक रोडिओत त्याने राष्ट्रगीताला हॅट काढली होती. म्हणूनच तर आठवलं नाही. श्वास घ्यायचाय हे कोण लक्षात ठेवून घराबाहेर पडतं?

आणि एमिल व्हावरा? त्यांची हॅट दोनच प्रसंगी निघते: राष्ट्रगीत आणि प्रेतयात्रा. राष्ट्रगीताला ती निघते तेव्हा आजूबाजूच्या बायकाही हळूच बघतात, कारण खाली पांढऱ्याशुभ्र केसांचा असा काही डोंगर आहे की त्यावर बर्फ पडलं तरी कळणार नाही. त्यांनी ती सावकाश काढली, छातीशी धरली आणि शेजारी पाहिलं.

वेंडेलने हॅट वर ओढली. हॅट वर गेली नाही, भुवया गेल्या. आणखी ओढली. डोळे मोठे झाले. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा टाचा उचलल्या गेल्या.

"काढ!" लॉर्ना कुजबुजली.

"काढतोय!"

"बाबा बघतायत!"

"मला दिसतंय! भुवया वर असल्या की फार लांबचं दिसतं!"

सगळ्या गॅलरीत एकच हॅट डोक्यावर होती. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ओपलबाईंनी त्याच्या पाठीत छत्री खुपसली. "अहो मिस्टर! आईवडिलांनी काही शिकवलंय की नाही?" एमिल व्हावरांच्या मिशीची दोन्ही टोकं आता खाली होती. दंतवैद्याच्या वेळीसुद्धा ती इतकी खाली गेली नव्हती.

लॉर्नाला वडील ठाऊक होते. राष्ट्रगीत संपलं की वेंडेलही संपणार. ती घाईघाईने आईच्या कानाशी लागली. "आई, त्याला डॉक्टरांनी हॅट काढायची नाही म्हणून सांगितलंय."

"अगं बाई! का?"

"ते... सांगायचं नाही म्हणाले."

ब्लांश व्हावरा ही मायाळू बाई. न सांगण्यासारखं काहीतरी आहे म्हटल्यावर ते एकटीच्या मनात ठेवणं तिला जमेना. तिने ते शेजारणीला सांगितलं. राष्ट्रगीताच्या शेवटच्या ओळीपर्यंत ते रांगेच्या टोकाला पोचलं होतं आणि तिथून परत येईतो वेंडेलचं मोठं ऑपरेशन झालेलं होतं. ओपलबाईंची छत्री पाठीतून निघाली आणि तीच त्याच्या डोक्यावर उघडली गेली.

"लेकरा, ऊन लागेल रे तुला!"

मग लोकांनी वेंडेलला खाऊ घालायला सुरुवात केली. लिंबाचं सरबत आलं, धुरावर शिजवलेल्या गोमांसाचं ताट आलं, भोपळ्याचा केक आला, विणलेला स्वेटर आला. आणि तेवढ्यात पुन्हा लाउडस्पीकर! निवेदकाची बायको ब्लांशच्या ओळीतच बसलेली होती, दुसरं काय.

"मंडळी, आज आपल्यात एक शूर तरुण बसलाय. नाव नाही सांगत, वरून दुसऱ्या रांगेत, करड्या हॅटीत, वेंडेल टिबेट्स! त्याच्यासाठी सगळ्यांनी पुन्हा एकदा हॅटी काढाव्या आणि मनोभावे प्रार्थना करावी!"

सगळी गॅलरी उठली. रिंगणात घोडेस्वार थांबले. बैलांना हुलकावण्या देणारा विदूषक गुडघ्यावर बसला. बैलसुद्धा थांबला, पण बहुधा विदूषक असा का बसलाय म्हणून. अख्ख्या परिसरातला वारा जणू त्या एका हॅटीवर आला आणि ती हलली नाही. लोकांना वाटलं, ही श्रद्धा!

वेंडेल उठला. "अहो, नाही! ऐका तरी! मला काहीही झालेलं नाही!"

"बघा," ओपलबाई डोळे पुसत म्हणाल्या, "कसा धीराचा आहे!"

एमिल व्हावरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात यापूर्वी फक्त घोड्यांच्या खांद्यावर पडला होता. "मघाशी काही विचारायचं होतं तुला?"

"सर, ते नंतर..."

"लॉर्नाचंच ना? दिली. माझा शब्द आहे."

वेंडेलला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि त्यातलं काहीही त्याचं नव्हतं. त्याने लॉर्नाकडे पाहिलं. लॉर्ना रिंगणाकडे बघत होती, तिथे काहीही चाललेलं नसताना.

"हॅट का काढत नाहीस ते कळलं मला," एमिल पुढे म्हणाले. "ऑपरेशनला डोकं भादरलं असणार. लाज वाटते. वाटणारच. पण आता तू घरचा आहेस. घरात एकाचं डोकं भादरलेलं आणि दुसऱ्याचं असं," त्यांनी केसांच्या डोंगरावरून हात फिरवला, "हे मला चालणार नाही. चल गोठ्यात!"

"कशाला, सर?"

"मशीन तिथेच असतं ना गुरांचं?"

गोठ्यात ड्वाइट एका गोऱ्ह्याचा कान साफ करत होता. समोरून एमिल व्हावरा, मागे रडवेली ब्लांश, तिच्यामागे लॉर्ना आणि सगळ्यांत शेवटी आखडलेल्या भुवयांचा वेंडेल येताना बघून त्याने कान सोडला.

"पॉस्पिशिल, माझं डोकं भादर," एमिल म्हणाले आणि गोऱ्हे बांधायच्या लोखंडी चौकटीपाशी बादली उपडी घालून बसले.

ड्वाइटने वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलने ड्वाइटकडे पाहिलं. अशा वेळी मित्राने काहीतरी बोलावं अशी अपेक्षा असते. ड्वाइट म्हणाला, "बारीक की एकदम बारीक?"

मशीन गुरगुरू लागलं. वेंडेल उभा होता. गप्प राहिलं तर लॉर्ना मिळणार होती. केस काय, परत येतात. एमिल व्हावरांनी डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर असा भाव होता की वेंडेलला स्वतःच्या बापाची आठवण झाली.

"थांबा!" तो ओरडला. "मला काहीही झालेलं नाही! हॅट चिकटवलीय! वाऱ्याने उडू नये म्हणून! गोऱ्ह्यांच्या फवाऱ्याने!"

कबुली अगदी वेळेवर होती. मशीन मात्र त्याच्या किंचित आधी निघालं होतं. कपाळापासून मानेपर्यंत एक स्वच्छ, सरळ रस्ता तयार झाला होता. दोन्ही बाजूंना बर्फ.

एका गोऱ्ह्याने रवंथ थांबवलं.

एमिल व्हावरांनी डोक्याच्या मधोमध बोट फिरवलं. पार मागेपर्यंत. मग विचारलं, "दंतवैद्याची गोष्ट ऐकून?"

"हो, सर."

"आणि आता निघत नाही?"

"हॅट निघत नाही, सर."

"दुसरा फवारा आहे की!" ड्वाइट म्हणाला. "गाडीत. गाडी बायकोने माहेरी नेलीय."

एमिल उठले. ड्वाइटच्या हातातलं मशीन घेतलं, वेंडेलला बादलीवर बसवलं आणि हॅटीच्या कडेखालून गोल फिरवत नेलं, कलिंगडाची टोपी उडवतात तसं. हॅट निघाली. आतून तिला दाट, तपकिरी अस्तर होतं. ब्लांशने तोंडाला पदर नव्हता म्हणून स्वेटर लावला, तोच, भेट आलेला.

"उभा राहा," एमिल म्हणाले. "हॅट छातीशी."

वेंडेलने धरली. ती अजून कोमट होती.

"म्हण आता."

"काय म्हणू?"

"राष्ट्रगीत. मघाशी राहिलंय तुझं."

वेंडेलने म्हटलं. सगळं. उंच सुरापाशी त्याचा आवाज फाटला, तिथे कोपऱ्यातल्या गाईने सांभाळून घेतलं. एमिल व्हावरा डोक्यावर रस्ता आणि छातीशी हॅट घेऊन ताठ उभे होते. लॉर्ना हसू दाबता दाबता लाल झाली होती, पण हलली नाही. गीत संपलं.

"बाबा," तिने भीत भीत विचारलं, "शब्द?"

"दिलेला शब्द मी परत घेत नाही," एमिल म्हणाले. "शिवाय केस वाचवायला ओरडला तो. जरा उशिरा ओरडला, पण ओरडला. लग्न करा. फोटो मात्र केस वाढल्यावर. दोघांचेही." मग त्यांनी गोठाभर नजर फिरवली. "पॉस्पिशिल कुठाय?"

ड्वाइटची जागा रिकामी होती. मागचं दार झुलत होतं.

एमिल व्हावरांच्या मिशा थरथरल्या. "राष्ट्रगीत चालू असताना हलला?"

सोमवारी वेंडेलने जत्रा समितीकडे पुढील अर्ज दाखल केला:

'विषय: प्रार्थना वर्ग करणेबाबत. महोदय, शनिवारी गॅलरीत अर्जदाराच्या प्रकृतीसाठी झालेली सामूहिक प्रार्थना गैरसमजातून झालेली असल्याने ती पूर्वलक्षी प्रभावाने अर्जदाराच्या नावावरून कमी करावी व श्री. ड्वाइट पॉस्पिशिल यांच्या नावे विनाविलंब वर्ग करावी. श्री. एमिल व्हावरा हे सदर इसमाचा अद्याप शोध घेत असून त्यास तिची अधिक निकड आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.'