दोन नाकांची होडी

ज्या सकाळी दवाखान्यातून फोन आला की बायको गेली, त्या सकाळी मिस्त्री अंगणात होडीची शेवटची बरगडी ठोकत होते. त्यांनी फोन ठेवला, अर्धा राहिलेला खिळा पूर्ण ठोकला आणि मग खाली बसले. पुढे कितीतरी दिवस ते भेटेल त्याला सांगत, "खिळा अर्धा ठेवला तर लाकूड तडकतं." कुणी विचारलेलं नसायचं.

होडी दोघांनी वल्हवायची म्हणून बेतलेली. आता वल्हवणारा एक, आणि त्याचाही उजवा खांदा कुरकुरणारा. ती पाण्यात हलकी चालली नाही तर अंगणातच कुजणार, हे मिस्त्रींना दिसत होतं. तरी शेजारच्या लोहाराला त्यांनी छातीठोक सांगितलं, "दोन महिन्यांत एकटा नदीपलीकडे जाऊन दाखवतो."

"आणि परत?" लोहार म्हणाला.

लेक दूरच्या शहरात बसगाड्यांच्या कारखान्यात होती. गाडी बांधण्याआधी वारा तिच्या अंगावरून कसा जाईल, कुठे अडेल, हे ती कॉम्प्युटरवर पाहायची आणि तसा गाडीचा आकार बदलायची. मिस्त्रींनी होडीची अडचण सांगितल्यावर ती म्हणाली, "बाबा, वाऱ्याच्या जागी पाणी घालायचं, बस. मापं पाठवा."

मापं आईच्या वहीत होती. आणि आईने बरगड्यांना नंबर होडीच्या मागच्या टोकापासून घातले होते. ती वर्तमानपत्रही शेवटच्या पानापासूनच वाचायची. मिस्त्रींच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं की लेकीला सांगायचं त्यांना सुचलंच नाही. लेकीने एक नंबर पुढे धरला, आणि कॉम्प्युटरमधली होडी शेपटी पुढे करून निघाली.

पाणी त्या रुंद शेपटीवर येऊन थडकलं. एरवी लेक म्हणाली असती, "बाबा, हे नाक आहे की पोळपाट?" पण आई जाऊन महिना झाला नव्हता. तिने फोनवर नाकाचं नावही काढलं नाही.

"एक ते चार नंबरच्या बरगड्या निमुळत्या करा, बाबा. पार टोकापर्यंत."

मिस्त्री चमकले. मागचं अंग निमुळतं? एरवी ते म्हणाले असते, "तू बस बांध, होडी मला बांधू दे."

"नक्की एक ते चार?"

"नक्की. चालेल ना?"

"न चालायला काय झालं? तू शिकलेली आहेस."

ती माउली असती तर दोघांना वेड्यात काढून मोकळी झाली असती. इथे दोघंही एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात होडीचं मागचं अंग कापलं गेलं.

लोहाराने होडीभोवती फेरी मारली. "मिस्त्री, हिचं तोंड कुठल्या बाजूला?"

"तिच्या मनाला येईल तिकडे."

पुढच्या महिन्यात लेक आली. दारातच थांबली.

"बाबा, दोन नाकं?"

"तूच सांगितलंस."

"मी पुढचं सांगितलं!"

"तू एक ते चार सांगितलंस. एक मागे असतो."

"मागे? आईने मागून मोजलंय?"

"तुझ्या आईने पुढून काय मोजलंय कधी?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू तरी बोललीस का?"

असं चांगलं अर्धा तास चाललं. लोहाराने हातोडा खाली ठेवून ऐकलं. भांडण संपल्यावर दोघांनाही सपाटून भूक लागली.

जेवून लेकीने नवी मापं घातली, या वेळी सरळ बाजूने. बराच वेळ ती पडद्याकडे पाहत राहिली.

"बाबा, मागे पाणी घुटमळायचं, होडीला ओढून धरायचं, ते थांबलंय. निसटून जातंय. तुमच्या खांद्याला झेपेल."

"मी म्हटलंच होतं."

"कधी?"

"मनात."

लेक हसली. "आता वजन घालून पाहते. मागच्या वेळी रिकामीच धरली होती. आत माणसं किती?"

मिस्त्री उठून उभे राहिले. मग म्हणाले, "थांब जरा. वल्ही उन्हात राहिलीत."

ते वल्ही आत आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. लेकीनेही हाक मारली नाही.

आता मिस्त्री रोज सकाळी एकटे पलीकडे जातात आणि परतही येतात. कॉम्प्युटरमध्ये माणसांचा आकडा अजून घालायचा राहिला आहे.