हवालदारांची शंभरी

"शंभर वर्षं जगून दाखवतो!" पलटणीतनं पेन्शनीत निघालेल्या नाथाजी हवालदारांनी कोरेगावजवळच्या आपल्या गावात पारावर बसून मिशीला पीळ भरला. आता घराण्याचा रिवाज म्हणाल तर उलटा होता. आजा साठीच्या आत गेला, बाप साठीच्या आत गेला, आणि नाथाजींना आता साठी समोर दिसायला लागली होती. वरून मिशी, आतून धडधड!

पारावर मतांना तोटा नव्हता.

"जोर-बैठका मारा, हवालदार," भाऊसो पैलवान म्हणाला. "ताकद आसली की यम बी दारातनं माघारी जातोय."

"ताकद काय चाटायचीया?" बिराप्पा धनगर हसला. आटपाडीकडनं मेंढरं घेऊन तो दरसाल इकडं उतरायचा. "चालत ऱ्हावा. आमचा म्हातारा मेंढरामागं चालून नव्वदीला टेकलाय."

"चालून काय हुतंय? काळजाला पळणं लागतंय, पळणं!" हवालदारांनी निकाल दिला. मनात मात्र ठरवलं, उगाच धोका नको, तिन्ही करायचं!

पहाटे रस्त्यावर पळून बघितलं. पण आमच्याकडं पहाटे पळणारा माणूस म्हणजे कुठंतरी काहीतरी झालेलं. "कोण गेलं वो?" करत अर्धी आळी मागं पळाली! तेव्हा हवालदारांनी माडीचं दार लावून गुपचूप मोहीम उघडली. पायांत पलटणीतले खिळ्यांचे बूट, हातांत वरवंटा आणि जागच्या जागी कदमताल! मध्येच बैठका, मग उड्या.

माडी लाकडी, आणि बरोबर खाली हवालदारांच्या बायकोची, राहीबाईंची चूल. मांडणीवरच्या ताटल्या खणखणल्या, वरची माती भाकरीच्या पिठात पडली, गडगड आवाज झाला. कोयनेचा भूकंप होऊन चारपाच वर्षंच झाली होती. साताऱ्याकडचा माणूस तेव्हा ताटली वाजली की आधी बाहेर पळायचा, विचार मागनं करायचा.

"भूकंप! आवं, भूकंप!" राहीबाई ओरडल्या. घरं भिंतीला भिंत लागलेली, शेजारच्या मांडण्याही वाजतच होत्या. आख्खी आळी माळावर! शेजारचा आप्पासो अंगाला साबण तसाच ठेवून पळाला. सगळ्यांत शेवटी हवालदार, वरवंट्यासकट.

"पायाखालची जमीन हालली! म्या सोता बघितलं!" धापा टाकत त्यांनी माळाचा ताबा घेतला. "रातच्याला कुणी घरात झोपायचं न्हाई!"

थंडीत कुडकुडून मंडळी पहाटे घरी आली, चुली पेटल्या आणि कदमतालाची वेळ झाली. फौजी गडी भूकंपासाठी खाडा करतोय होय! पुन्हा ताटल्या, पुन्हा बोंब, पुन्हा माळ.

बिराप्पानं काठीवर हनुवटी टेकली. "हवालदार, भूकंप यायचा आसला की मेंढरं आदी बिथरत्यात. माजी तर निवांत रवंथ करत्यात."

"मेंढराला काय कळतंय? माझी माडी हालली, माडी!"

तिसऱ्या पहाटे नाथाजींनी ठरवलं, आभाळ कोसळलं तरी उड्या पुऱ्या करूनच उतरायचं. ताटल्या वाजल्या, आळी माळावर पळाली. राहीबाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कारभारी नव्हते!

"आमचं धनी वरच ऱ्हायलं!" लोक नको नको म्हणत असताना ती माउली पदर खोचून घरात शिरली, रडत रडत जिना चढली. "जगलो तर दोघं, मेलो तर दोघं!" म्हणत तिनं दार ढकललं.

हवालदार डोळे मिटून, घामानं निथळत उड्या मारत होते.

दार वाजलं, तसे ते थांबले. भूकंपही थांबला. हवालदारांनी गोंधळून एक उडी मारली. खाली एक ताटली वाजली.

राहीबाईंनी डोळे पुसले. "दोन राती आख्खी आळी कुडकुडतीया, ती ह्या उड्यांपायी? आन् म्या मरायला जिना चढले!" त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

हवालदार वरवंटा टाकून जिन्यानं सुटले. बाईंचा आवाज माळापर्यंत गेलाच होता. मग काय! पुढं बूट वाजवत हवालदार, मागं केरसुणी घेऊन राहीबाई, त्यामागं भाऊसो पैलवान, आप्पासो आणि उरलेली आळी, अशी वरात उसाच्या बांधानं कोरेगावच्या दिशेनं निघाली.

बिराप्पा मेंढरांत उभा राहून हात हलवत ओरडला, "पळा, हवालदार, पळा! तुमचंच खरं! पळण्यानंच आयुष्य वाढतंय. आज थांबलासा की सरलासा!"